लेखणीचे सेवक बाबा पदमनजी



खेड्यापाड्यांतील उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस एक प्रश्न वारंवार पडतो. बाजाराच्या दिवशी अथवा चावडीपाशी कोणी शेजारी आपल्या विश्वासाविषयी वाद काढतो. कधी थट्टेने, कधी रागाने, तर कधी खरोखरच जाणून घेण्याच्या इच्छेने. पोटासाठी धर्म सोडला, हा टोमणा तर आपल्यातील बहुतेकांनी ऐकलेला आहे. अशा वेळी उत्तर द्यावे की मुकाट्याने घरी यावे? आणि उत्तर द्यावयाचे तर ते कोणत्या शब्दांनी द्यावे? ह्या प्रश्नाचा विचार करिताना आमच्या मनात एका पुरुषाचे चरित्र येते. त्याने पन्नासाहून अधिक वर्षे मराठी भाषेत लहानमोठी पुस्तके लिहून हेच काम केले. त्याचे नाव बाबा पदमनजी. त्यांस देवाघरी जाऊन शंभरावर वर्षे लोटली. तथापि त्यांचे चरित्र आपल्या कामास आजही उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम ही गोष्ट ध्यानात घ्यावी की, धर्माविषयी छोटी पुस्तके छापून वाद करण्याची रीत आपल्याकडे नवीन असली तरी जगात जुनी आहे. इंग्लंड देशात सतराव्या शतकात राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्ये युद्ध पेटले आणि मंडळीचा कारभार कोणी व कसा चालवावा ह्याविषयी घरोघर भांडण माजले. त्या काळी चार-आठ पानांच्या पुस्तिकांचा जणू पाऊस पडला. लंडन शहरातील जॉर्ज थॉमसन नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने 1640 पासून 1661 पर्यंत अशी पुस्तके व वर्तमानपत्रे जमवून ठेविली. त्यांची संख्या बावीस हजारांच्या घरात आहे. लिहिणारांस शिक्षाही भयंकर होत. 1637 साली विल्यम प्रिन व त्याचे दोन सोबती ह्यांचे कान भर चौकात कापण्यात आले. छापण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी हा कायदा नको, असे जॉन मिल्टन ह्या कवीने 1644 साली एक पुस्तिका काढून सांगितले. आणि ती पुस्तिकाही त्याने परवानगी न घेताच छापिली. परंतु मनुष्याचे अंतःकरण कसे असते पाहा. ज्या प्रिनने आपल्या लेखणीसाठी कान गमाविले, त्यानेच पुढे मिल्टनचे एक पुस्तक बंद करावे अशी मागणी केली. स्वतःस हवी असलेली मोकळीक दुसऱ्यास देणे फार कठीण असते.

त्याच काळात जॉन बनियन हा भांडी सांधणारा गरीब मनुष्य होऊन गेला. त्याने 1656 साली आपले पहिले पुस्तक क्वेकर लोकांविरुद्ध वाद करण्यासाठी लिहिले. पुढे परवानगीवाचून उपदेश केल्याबद्दल 1660 साली त्यास तुरुंगात टाकिले व तेथे त्याने सुमारे बारा वर्षे काढिली. त्याने लिहिलेली यात्रेकरूची गोष्ट 1678 साली छापून निघाली. त्याची वादाची पुस्तके आज थोडेच लोक उघडतात. यात्रेकरूची गोष्ट मात्र पृथ्वीवरील पुष्कळ भाषांत गेली. हरि केशवजी ह्यांनी ती 1841 साली यात्रिकक्रमण ह्या नावाने मराठीत आणिली. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी; कारण बाबांच्या चरित्रातही असेच काही घडलेले आपणांस दिसेल.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईस अमेरिकन मिशनने 1817 साली मराठी छापण्याचे काम सुरू केले. प्रारंभी छापखाना जणू मिशनऱ्यांच्याच हाती होता; परंतु थोड्याच वर्षांत गणपत कृष्णाजी ह्यांच्यासारख्या स्वदेशीय गृहस्थांनी आपले छापखाने घातले व वादास दोन बाजू आल्या. 1831 साली डॉक्टर जॉन विल्सन व मोरभट दांडेकर शास्त्री ह्यांचा मुंबईत जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपल्या धर्माच्या बाजूने हिंदुधर्मस्थापना हे पुस्तक लिहिले. विल्सन साहेबांनी त्याचे खंडन लिहिले. त्यावर साताऱ्याच्या नारायणराव नामक गृहस्थांनी उत्तर दिले. आणि 1834 साली विल्सन साहेबांनी पुन्हा प्रत्युत्तर काढिले. 1842 साली अहमदनगरास ज्ञानोदय पत्र निघाले. 1844 साली मोरभटांनी उपदेशचंद्रिका काढिली. ह्याप्रमाणे दोन्ही पक्षांकडून लेखणी चालत होती. छापून वाद करावयाचा म्हणजे सर्वांस कळेल अशी भाषा पाहिजे. म्हणून साधे मराठी गद्य घडविण्यास ह्या वादाचाही हातभार लागला. ह्याबद्दल दोन्ही पक्षांचे उपकार मानिले पाहिजेत.

अशा दिवसांत, मे 1831 मध्ये, बेळगाव येथे बाबांचा जन्म झाला. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत तो जाहीर वाद झाला, त्याच वर्षी पुढे त्या वादाचे काम करणारा मुलगा जन्मास आला. त्यांचे घराणे कासार ज्ञातीचे. बनियन भांडी सांधणारा आणि बाबांची ज्ञाती तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा करणारी. हा योग पाहून मौज वाटते. बाबांचे वडील मात्र इंग्रज सरकारच्या नोकरीत होते व घरी देवधर्म निष्ठेने चालत असे. लहानपणी बाबांसही पोथीपुराणांची, उपासतापासांची व देवदर्शनाची मोठी आवड होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या मनुष्याने पुढे जुन्या धर्माविरुद्ध इतके लिहिले, त्याने तो धर्म दुरून पाहिलेला नव्हता. त्यात तो मनापासून वाढला होता. भक्ती म्हणजे काय हे त्यास आईबापांच्या घरीच प्रथम कळले.

बेळगावास लंडन मिशनची शाळा होती. तेथे ते इंग्रजी शिकले व पवित्र शास्त्र त्यांच्या कानी पडले. पुढे ते मुंबईस गेले व फ्री चर्च मिशनच्या विद्यालयात विल्सन, नेस्बिट व मरे मिचेल अशा विद्वान मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकले. त्यांचे मन एका दिवसात पालटले असे नाही. वाचावे, शंका घ्यावी, पुन्हा वाचावे, मित्रांशी बोलावे, असे कित्येक वर्षे चालले. बिरुया येथील लोक रोज शास्त्र शोधून पाहत होते असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. बाबांची रीत तीच होती.

त्या काळी मुंबईत परमहंस सभा नावाची एक मंडळी निघाली होती. तिची स्थापना 1849 साली झाली व तिच्यात दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण इत्यादी सुशिक्षित पुरुष होते. जातिभेद खोटा आहे आणि देव एकच आहे असे ते मानीत. आत येणाऱ्याने ख्रिस्ती मनुष्याने केलेली पावरोटी खावी अशी तेथे रीत होती. जातीचे बंधन मनातून तुटले आहे की नाही ह्याची ती परीक्षा होती. बाबा ह्या सभेत जात असत. परंतु हे सर्व गुप्त चाले. दार लावून जे मानावयाचे ते दार उघडल्यावर कोणास सांगावयाचे नाही. रात्री जातिभेद मोडावयाचा व सकाळी तोच पाळावयाचा. ह्या पुरुषांस आम्ही भित्रे म्हणून हिणवीत नाही. जातीबाहेर पडणे म्हणजे पाणी तुटणे, सोयरीक तुटणे, आईच्या हातचे अन्न तुटणे होय. आणि हे काय असते ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि नावे फुटतील ह्या भयाने सभाच मोडली. ज्या इमारतीचा पाया गुप्तपणा होता, ती एका वहीने कोसळली.

बाबांनी त्यापूर्वीच दुसरी वाट धरिली होती. जे मनात खरे ठरले ते उघड पत्करावे असा त्यांनी निश्चय केला, आणि 3 सप्टेंबर 1854 रोजी बेळगावास, म्हणजे जेथे त्यांचे घर, ज्ञाती व बालपणीचे सर्व लोक होते तेथेच, बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. मुंबईसारख्या मोठ्या शहरात हे अधिक सोपे गेले असते असे मनुष्यबुद्धीस वाटते. बाबा दरिद्री नव्हते, अशिक्षितही नव्हते. सरकारी नोकरीची वाट त्यांस मोकळी होती. ह्या निश्चयाने त्यांस मान किंवा धन मिळावयाचे नव्हते. जे होते तेच जावयाचे होते. पोटासाठी धर्म सोडला ह्या टोमण्याचे उत्तर त्यांनी तोंडाने देण्यापूर्वी आपल्या आयुष्याने दिले होते. म्हणून त्यांच्या लेखणीत जोर आला.

त्यांची लेखणी बाप्तिस्म्यापूर्वीच चालू झाली होती. 1852 साली त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणाविषयी एक निबंध लिहिला. बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनी, 1857 साली, त्यांचे यमुनापर्यटन हे पुस्तक निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1856 साली, विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची मोकळीक मिळाली होती. परंतु कागदावरच्या कायद्याने घरातील विधवेचे अश्रू पुसले जात नव्हते. केशवपन, एक वेळचे जेवण, शुभकार्यात तोंड न दाखविणे, लहान वयात आलेले वैधव्य, हे सर्व घरोघर होते.  बाबांनी ह्यावर खंडनाची पुस्तिका लिहिली नाही. त्यांनी यमुना नावाच्या एका सुशिक्षित तरुण स्त्रीची गोष्ट लिहिली. ती आपल्या पतीबरोबर प्रवास करिते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे डोळ्यांनी पाहते, आणि पुढे पती वारल्यावर तीच दुःखे तिच्या स्वतःच्या वाट्यास येतात. शेवटी ती ख्रिस्ती होते व तिचा पुनर्विवाह होतो. ह्या पुस्तकास मराठीतील पहिली कादंबरी असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. ख्रिस्ती नसलेले विद्वानही त्याचे नाव आदराने घेतात. एका विधवेचे दुःख खरेपणाने सांगितले, तर ते ऐकण्यास जात व धर्म आड येत नाहीत असे ह्यावरून दिसते.

त्याच 1857 साली जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी ह्यांचे वाद दर आठवड्यास होत असत व मोठा समुदाय ते ऐकण्यास जमे. विष्णुबावा हे बुद्धिमान व निर्भय पुरुष होते. ह्या वादांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन ह्या मिशनऱ्याने छापून प्रसिद्ध केला. बाबांच्या लेखनाचा काळ हा असा होता. कोणीही काही लिहिले की त्याचे उत्तर येणार हे ठरलेले. अशा ठिकाणी आळशी लेखकाचा निभाव लागत नाही. बाबा शब्द तोलून लिहीत, आणि शब्दांचे त्यांचे प्रेम एवढ्यावरूनच दिसते की त्यांनी मोल्सवर्थ साहेबांच्या मोठ्या मराठी कोशाचा संक्षेप करून तो 1863 साली प्रसिद्ध केला. त्या कोशाचे शब्द एकामागून एक चाळणे हे केवढे चिकाटीचे काम! परंतु ज्यास लोकांशी बोलावयाचे आहे त्याने लोकांची भाषा नीट शिकली पाहिजे, हे ते जाणून होते.

पुण्यास फ्री चर्च मिशनमध्ये त्यांनी शिक्षकाचे व पुढे पाळकाचे काम केले. 1867 साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. काही वर्षांनी त्यांनी ते पद सोडिले व आपला बहुतेक वेळ ट्रॅक्ट सोसायटी व बायबल सोसायटी ह्यांच्या लेखनकामास दिला. पद सोडणे हे कित्येकांस मागे जाणे वाटेल. पण देवाने प्रत्येकास निरनिराळे दान दिले आहे. ज्याचे दान लेखणी आहे त्याने लेखणीने सेवा करावी, ह्यात उणेपणा कोणता? त्यांनी लिहिलेल्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या वर जाते. त्यांत मुलांसाठी व स्त्रियांसाठी पुस्तके आहेत, नव्या कराराची टीका आहे, इतिहास आहे, निबंध आहेत आणि वादाची पुस्तकेही आहेत. त्या काळी गावात वाचता येणारा एखादाच असे. तो ओट्यावर बसून वाची व दहाजण भोवती बसून ऐकत. म्हणून एक पुस्तिका अनेक घरी पोहोचे.

येथे खरे सांगणे प्राप्त आहे. चरित्र लिहिणाऱ्याने केवळ स्तुती करावी हे आम्हांस योग्य वाटत नाही. बाबांच्या व त्यांच्या काळच्या मिशनऱ्यांच्या वादाच्या पुस्तकांत असे पुष्कळ आहे की जे आज आम्ही लिहिणार नाही. 1867 साली त्यांनी कृष्ण व ख्रिस्त ह्यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. शेजाऱ्याच्या पूज्य देवतेवर अशा रीतीने लेखणी चालविली म्हणजे त्याची बुद्धी जागी होण्याऐवजी त्याचे मन दुखावते. आणि दुखावलेले मन ऐकत नाही, ते उत्तरास दगड शोधू लागते. दुसऱ्या पक्षानेही तसेच केले, आणि आपल्या प्रभूविषयी कठोर शब्द लिहिले. त्या काळची ती रीत होती हे खरे. तरी रीत म्हणून चूक ही चूक नाहीशी होत नाही. इंग्लंडातील त्या हजारो पुस्तिकांविषयीही हेच म्हणावे लागते. त्यांतून छापण्याची मोकळीक वाढली हा लाभ झाला. पण एकमेकांस दिलेल्या शिव्या मात्र कोणाच्या उपयोगी पडल्या नाहीत.

आता वाचकांनी बनियनची गोष्ट आठवावी. त्याचे वादाचे पुस्तक मागे पडले व यात्रेकरूची गोष्ट राहिली. बाबांचेही तसेच झाले. त्यांची खंडनाची पुस्तके आज ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. पण यमुनापर्यटन वाचिले जाते, आणि त्यांचे आत्मचरित्र अरुणोदय वाचिले जाते. अरुणोदय 1888 साली प्रसिद्ध झाले व दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. त्यात त्यांनी आपले बालपण, आपल्या घरची भक्ती, आपल्या शंका, आपले भय, आपला विलंब हे सर्व लिहिले आहे. तेथे ते कोणास हरवीत नाहीत. अंधारातून उजेड हळूहळू कसा आला एवढेच ते सांगतात, आणि ग्रंथाचे नावही त्यांनी तेच ठेविले. दुसऱ्याच्या घरात काय वाईट आहे हे सांगण्यापेक्षा, माझ्यासाठी प्रभूने काय केले हे सांगणे अधिक काळ टिकते. हे त्यांस आरंभापासून कळले होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्या ग्रंथांचे भाग्य पाहून आपणांस तरी ते कळावे.

29 ऑगस्ट 1906 रोजी, पंचाहत्तर वर्षांचे होऊन, ते प्रभूच्या विसाव्यात गेले. त्यांच्या बाप्तिस्म्यास तेव्हा बावन्न वर्षे होत आली होती. त्यांस मराठी ख्रिस्ती साहित्याचे जनक म्हणतात. ज्या भाषेत आपण प्रार्थना करितो, उपदेश करितो व मुलांस शिकवितो, त्या भाषेच्या शेतात नांगर धरणाऱ्यांपैकी ते एक होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. आमचा हा बाभुळगावचा मुलूख काळ्या मातीचा व कपाशीचा. येथील शेतकऱ्यास ठाऊक आहे की, जमीन तापलेली असता बी टाकून उपयोग नाही. पाऊस पडून ती मऊ व्हावी लागते. क्रोधाने तापलेल्या मनात शब्दाचे बी टाकणेही तसेच व्यर्थ होय. म्हणून बाजारात कोणी भांडणासाठी वाद काढील तर हात जोडून दूर व्हावे. त्यात हार नाही. पण कोणी जाणण्यासाठी विचारील तर लपू नये. परमहंस सभेप्रमाणे दार लावून विश्वास ठेवू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितल्याप्रमाणे उत्तर देण्यास सिद्ध असावे, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्यावे. आणि तो शेजारीही आपणांस काही सांगू लागला तर ते शेवटपर्यंत ऐकावे. प्रिनसारखी आपली मोकळीक हवी व दुसऱ्याची नको, असे आपल्या हातून न घडो.

उपदेशकबंधूंस आणखी एक विनंती आहे. आपल्या मंडळीतील वृद्ध बायाबापड्यांस विचारावे की, तुमच्या घरात प्रभूचे नाव कसे आले, तेव्हा काय तुटले व काय जोडले गेले. आणि ते एका वहीत त्यांच्याच साध्या बोलीत लिहून ठेवावे. ते छापले जावे असे नाही. परमहंस सभेची वही चोरीस गेली व सभा मोडली. आपली वही अशी असावी की ती कोणाच्याही हाती पडली तरी लाज वाटू नये, आणि वाचणाऱ्यास वाटावे की ही माणसे खरे बोलत आहेत. नातवंडे मोठी झाली म्हणजे तीच त्यांची अरुणोदय होईल.

ज्या प्रभूने बेळगावच्या त्या तरुणास भय सोडून उजेडात उभे केले, तो आपणां सर्वांस सत्य बोलण्याचे धैर्य व प्रीतीने बोलण्याची बुद्धी देवो. आमेन.

— एक पाळक, बाभुळगाव